बाबांनी भुरीला पोत्यात घालून लांब सोडलं, आज १७ दिवस

धुऱ्यावरचा
रविवार, रात्री ११.४८

पहिल्यांदाच लिहून रायलो, लंबं झालं तरी पुरं वाचा. घरी कोणाले सांगता येत नाई अन् दोस्ताले सांगितलं तर थो म्हणे अबे कुत्र्यासाठी रडून रायला का, तेव्हापासून कोणाजवळच तोंड उघडलं नाई.

मी २३ वर्षांचा. यवतमाळ जिल्हा, नेर तालुका, गावाचं नाव सांगत नाई. बीए झालं, दोन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी, सकाळी ग्राउंड, दुपारी वावर, रात्री अभ्यास. घरी बाबा, आई, मी अन् बारावीतली लहान बहीण. काका, काकू अन् त्यांचा पोरगा त्याच वाड्यात. आबाजी होते तोवर चूल एकच होती. ते गेल्यावर साडेनऊ एकराची वाटणी झाली, वावर तर वाटलं पण विहीर कशी वाटणार? आधी पाण्याच्या पाळीवरून, मंग मोटरच्या बिलावरून, मंग आबाजीच्या दवाखान्याले कोणी किती लावले त्याच्यावरून, असं करत करत आता अंगणाच्या मधोमध भिंत आहे. कमरेएवढीच आहे, तेवढ्यावर विटा सरल्या अन् मंग कोणी आणल्याच नाई. चुलतभाऊ माह्याच वयाचा, आम्ही एका ताटात जेवलेले, दीड वर्ष झालं बोललो नाई. सकाळी ग्राउंडले एकाच रोडनं जातो, थो पुढं अन् मी मागं.

भुरी त्या सगळ्याच्या आधीची. तुराटीच्या ढिगाखाली सापडली होती, बाकीची पिल्लं मेलेली, ही एकटी कुईकुई करत होती, शर्टात घालून घरी आणलं. उजव्या कानाले खाच आहे, रानडुकरानं मारलेली. हरभऱ्याच्या जागलीले माह्यासंगं येणारी तीच. तिले भिंत काही समजत नव्हती. सकाळी आमच्याकडची भाकर खायची, दुपारी भिंतीवरून उडी मारून काकूकडं जायची, सांजच्याले परत आमच्या ओट्यावर.

घरात आवाज चढला की माह्या छातीत धडधड सुरू होते, हात थंडे पडते. बाबा आईवर ओरडले, एखादं भांडं आपटलं की भुरी खाटेखालून उठून माह्याजवळ यायची अन् गुडघ्याले नाक लावायची. मी टॉर्च उचलला की थे आधीच दारात उभी. मंग आम्ही दोघं वावरात. मचाणाखाली तिच्या मानेच्या केसात बोटं घालून बसलो की हळूहळू श्वास जाग्यावर यायचा. अशा किती रात्री काढल्या मोजल्या नाई.

मागच्या महिन्यात काकू भिंतीवरून आईले बोलून गेली, "तुमची कुत्री बी आमच्याच घरचं खाते." बाबांनी ऐकलं. त्या रात्री बाबा जेवले नाई. दुसऱ्या दिवशी मी कागदपत्राच्या कामानं यवतमाळले गेलो, सांजच्याले परत आलो तर भुरी नाई. सगळे म्हणे गेली असन कुठं. तीन दिवस मी गाव, नाला, लोकायची वावरं पालथी घातली अन् बाबा ओट्यावर बसून मले शोधतानी पाहत होते. चौथ्या दिवशी बहिणीनं सांगितलं, बाबांनी तिले पोत्यात घालून मोटरसायकलवर नेलं अन् कुठंतरी लांब सोडून दिलं.

रात्री टिनावर नखं वाजल्यासारखं वाटते, उठून पाहतो तर काई नाई. १६०० मीटरचं टायमिंग चांगलं बसलं होतं, आता अर्ध्यातच पाय सोडून देते. पुस्तक उघडलं तर एकच ओळ दहादा वाचतो. बाबांशी बोलणं बंद, तेही बोलत नाई. कोणासोबत असं झालं का? का मीच कमजोर आहो?


तुराटी
सोमवार, सकाळी ६.२०

कमजोर नाहीस रे भाऊ. मी वाशीम जिल्ह्यातली, वय २६. २०२२ ला लम्पी आला तेव्हा आमची कपिला गेली. अंगभर गाठी, पाय सुजलेले, बसली की उठता येत नव्हतं, मी अकरा रात्री गोठ्यात पोतं टाकून झोपली तिच्याजवळ. माझ्या लहानपणी आई आजारी असायची, मी त्या गायीच्या दुधावर वाढली असं समज. ती गेल्यावर सरकारची मदत आली, दुधाळ गायीला ३० हजार, आणि ते बाबांच्या खात्यात जमा झाले. गाय आजीच्या नावानं घेतलेली म्हणून मोठे बाबा अर्धे मागायला आले. त्या पैशावरून दोन्ही घरांत एवढं तुटलं की त्या दिवाळीला फराळाचं ताटसुद्धा एकमेकांकडे गेलं नाही. आणि त्या सगळ्या भांडणात कपिला मेली हे कोणाच्या लक्षातच राहिलं नाही, मला कोणी एकदाही विचारलं नाही की तू कशी आहेस. मी गोठ्याकडे जाणं सोडलं, अजूनही शेणाचा वास आला की घशात काहीतरी अडकते. तू लिहिलं म्हणून मी पण लिहिलं, चार वर्षांत पहिल्यांदा.


दोन पोरांचा बाप
सोमवार, सकाळी ८.०५

वाचलं. मी सांगतो ते कडू लागन पण एका बापाची बाजू बी ऐक.

आमच्या पिढीत कुत्रं म्हणजे राखणीले, त्याच्यासाठी झोप उडाली असं कोणी म्हणत नव्हतं. तुह्या बापावर कर्ज किती, सोयाबीन कोणत्या भावानं गेलं, तुह्या बहिणीच्या फीचे पैसे कुठून आणले, हे तू एक ओळ लिहिलं नाई. सख्ख्या भावानं विहिरीवरून कोर्टाची भाषा काढली तर माणूस आतून कसा होते हे तुले अजून माहीत नाई. त्यात घरची कुत्री बी भिंत ओलांडून तिकडं जाते अन् त्याच्यावरून बायकोले टोमणा ऐकावा लागते. त्याले वाटलं असन, घरातलं एक जनावर बी आपलं रायलं नाई. कुत्रीवर राग नव्हता बाबू, राग भावावर होता, भावाले पोत्यात घालता येत नाई.

केलं ते चूक केलं. पोराले तीन दिवस शोधू दिलं हे तर जास्तच चूक. पण त्याचा आबोला धरून बसू नको.


काळ्या मातीतला
सोमवार, दुपारी १.३०

बाप माणूस बरोबर बोलला, पण "आमच्या पिढीत कोणी म्हणत नव्हतं" हे मले पटत नाई भाऊ. आपल्या पिढीत म्हणत नव्हते, पण होत तर होतं. मी पन्नाशीचा आहो, अकोट तालुका. ऐका.

आमच्याकडं सर्जा-राजाची जोडी होती. मी तवा विशीतला. बाबा गेल्यावर भावाभावात वाटणी झाली, पंच बसले, गाई-म्हशी वाटल्या, अवजारं वाटली अन् जोडीचं काय करावं तर कोणीच सोडाले तयार नाई, मोठा म्हणे मले पाह्यजे, मधला म्हणे मले. शेवटी पंचायनं जोडी फोडली. एक बैल एकाले, दुसरा दुसऱ्याले. ज्याले बैलातलं कळते त्याले सांगायची गरज नाई की सर्जा उजव्या अंगाचा अन् राजा डाव्या अंगाचा, सहा वर्ष एकाच जुवाखाली चाललेले, दुसऱ्या बैलासंगं जुंपला की राजा डवरणीत तासच सोडून द्यायचा. मोठा भाऊ त्याले तुतारीनं, म्हणजे टोकदार काठीनं, टोचे. मी पाहो अन् मले माह्याच पाठीत टोचल्यासारखं वाटे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदशेकणी असते, बैलाच्या खांद्याले तूप-हळद लावून म्हणते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या". त्या वर्षी दोन घरात दोन आवतनं झाली. तोरणाखाली सगळ्या गावाच्या जोड्या उभ्या, अन् आमचा सर्जा या टोकाले अन् राजा त्या टोकाले, प्रत्येकाच्या बाजूले मागून आणलेला बैल. झडत्या सुरू झाल्या तरी ते दोघं एकमेकाकडं तोंड करून हंबरत होते. मोठा भाऊ तिकडं मान खाली घालून उभा, मी इकडं. पुरं गाव पाहत होतं. मी तोरण सुटायच्या आधी घरी निघून आलो, अन् त्याच्यावर तीन-चार महिने मले कशातच गोडी वाटली नाई, लग्नाची बोलणी आली तरी नाई म्हणून सांगितलं. घरचे म्हणे पोराले बाहेरचं लागलं. कोणी बाबाकडं नेलं, अंगारा लावला. मले काय झालं होतं ते आज तुह्या लिहिण्यातून समजून रायलं.

राजा दोन वर्षांनी बाजारात गेला. कोणाले विकला ते भावानं सांगितलं नाई. अजून बी मनात येते.


झाडीपट्टीची
सोमवार, सायंकाळी ७.१५

मी भंडारा जिल्ह्यातली, आता चंद्रपूरकडे नोकरीला. काका तुमचं वाचून डोळे भरले.

पण मला धुऱ्यावरच्याला एक विचारायचं आहे. दादा, तू लिहिलंस की भांडण झालं की तू टॉर्च घेऊन वावरात जायचास. पोरगा निघून जाऊ शकते. बारावीतली पोरगी रात्री कुठं जाणार? तुझी बहीण त्या वेळी कुठं असायची? ती आता कशी आहे?

हे टोचायला नाही विचारत. आमच्या घरी बाबा आणि मोठा भाऊ यांचं पटत नव्हतं, दारू हे कारण, पुढचं सांगत नाही. मी आणि माझी मांजर ढोलीमागच्या कोपऱ्यात बसायचो, धान ठेवायची मोठी ढोली असते तिच्यामागं. ती मांडीवर घुरघुरत बसायची आणि मी तिचा श्वास मोजायची, शंभरपर्यंत, परत शंभरपर्यंत. दार माझ्यासाठी बंद होतं पण ती बाहेर जाऊन परत यायची, त्यानं बाहेर अजून जग आहे असं वाटायचं. मी शिकायला नागपूरला गेली तेव्हा भावानं फोनवर सांगितलं की ती गेली कुठंतरी. खरं काय ते अजूनही माहीत नाही. होस्टेलवर मी रडली तर रूममेट म्हणे दुसरी आण. दुसरी कशी आणू, ढोलीमागं माझ्यासंगं तीच बसली होती ना.


लेक वऱ्हाडची
सोमवार, रात्री ९.४०

धुऱ्यावरचा, आधी एक सरळ प्रश्न, रागावू नकोस. या सतरा दिवसांत आपण नसतो तर बरं, जीव द्यावा, असं मनात आलं का? इथं लिहायचं नसेल तर मला मेसेज कर. असं विचारल्यानं कोणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट बोलायला वाट होते. मी अमरावतीत समुपदेशनाचं काम करते, रोज हा प्रश्न विचारते, म्हणून इथंही विचारते.

आता तुझ्या प्रश्नावर. छातीत धडधड, हात थंड, झोप नाही, एकच ओळ दहादा, ही कमजोरी नाही. शरीर सतत सावध राहिलं की असं होतं. घरात कधी आवाज चढेल याचा नेम नसतो तेव्हा कान आणि मन रात्रीसुद्धा ड्युटीवर असतात. तुझ्या घरात ते ताण उतरवणारी एकच गोष्ट होती आणि ती पोत्यात गेली.

हे नुसतं मनाचं खूळ नाही, याच्यावर अभ्यास झालेले आहेत. जपानमध्ये २०१५ साली केलेल्या अभ्यासात दिसलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, आई आणि तान्ह्या बाळात वाढतं तेच. २०१९ ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत कॉलेजच्या पोरांना फक्त दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळू दिलं, तेवढ्यानं लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, कमी झालं. तू मचाणाखाली तिच्या मानेत बोटं घालून बसायचास ते हेच. हेही सांगते की जनावर पाळलं म्हणजे सगळे आजार जातात असं नाही, सगळ्या अभ्यासांचे निकाल सारखे नाहीत, ज्याला उपचार लागतो त्याला उपचारच लागतो.

दुसरं, दोन माणसांतला ताण फार वाढला की तो तिसऱ्यावर लोटला जातो. मरे बोवेन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते, कुटुंबावर काम करणारे, त्यांनी याला त्रिकोण म्हटलं. बहुतेक घरांत तो तिसरा कोपरा म्हणजे एखादं पोर असतं. आई म्हणते बापाला सांग, बाप म्हणतो आईला सांग. तुमच्याकडे तो कोपरा भुरी होती. तिनं बिचारीनं फक्त दोन्हीकडची भाकर खाल्ली.

आणि तिसरं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ती मेली असती तर तू तिला वावरात पुरलं असतंस, दगड ठेवला असता, रडला असतास. इथं ती आहे की नाही हेच माहीत नाही. पॉलिन बॉस यांनी अशा दुःखावर आयुष्यभर काम केलंय, बेपत्ता माणसांच्या घरच्यांसोबत. त्यांचं म्हणणं असं की ज्या जाण्याला शेवट नाही ते दुःख गोठून बसतं, माणूस पुढंही जात नाही आणि मागंही नाही. टिनावर नखं वाजल्यासारखं वाटतं ना, ते त्यातलंच. झाडीपट्टीच्या ताईचं आणि काकांच्या राजाचंही तेच आहे. "कोणाला विकला ते सांगितलं नाही", इतक्या वर्षांनी अजून मनात येतं.

फोन करायचा असेल तर १४४१६, टेलिमानस. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, २०२२ पासून सुरू आहे. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी असते तिथंही जाता येईल. आणि घरात फवारणीचं औषध उघडं पडलेलं असेल तर आजच कुलपात टाक, किल्ली आईकडे दे. हे मी वऱ्हाडातल्या प्रत्येक घराला सांगते, फक्त तुला नाही.


धुऱ्यावरचा
मंगळवार, पहाटे २.१०

ताई, आलं मनात, दोनदा. एकदा विहिरीजवळ बसलो असतानी. करायचं काही नव्हतं, फक्त वाटलं सगळं बंद व्हावं. इथं लिहून टाकलं, आता वापस घेत नाई. औषधाचे डबे आत्ता उठून कोठीत टाकले, कुलूप लावलं, सकाळी किल्ली आईले देतो.

झाडीपट्टीच्या ताई, तुमचा प्रश्न वाचून मी मोबाईल बाजूले ठेवून दिला होता. खरं सांगतो, बहिणीचा मी विचारच केला नव्हता. मले वाटे भुरी माह्यी होती. थे वाद चालू असतानी कुठं असायची ते मले माहीतच नाई, कारण मी तर निघून गेलेला असायचो.


ढोरदवाखाना
मंगळवार, सकाळी ७.३०

मी पशुसंवर्धन खात्यात बरीच वर्षं काढली, गावोगाव फिरून ढोरं पाहिली. कामाचं बोलतो.

सोडून दिलेलं कुत्रं बहुतेक वेळा सोडल्या जागेच्या आसपासच फिरत राहते, जिथं खायले भेटते तिथं. चहाची टपरी, मटणाचं दुकान, आठवडी बाजार, एसटी स्टँड, लग्नाचे हॉल. म्हणून आधी जागा नक्की कर, अंदाजानं फिरण्यात दिवस जातील. फोटो काढून तिथल्या टपरीवाल्याले दाखव, अन् तिचं वापरलेलं पोतं नाहीतर तुझा जुना शर्ट सोबत घे. एका बाजूनं हाका मार, धावत मागं लागू नको, घाबरलेलं कुत्रं ओळखीच्या माणसापासूनही पळते.

तुह्या बाबांना हे वाचून दाखवायची गरज नाही, पण इथं वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: पाळलेल्या जनावराचे उपाशी-तहानेनं हाल होतील अशा जागी त्याले सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणं, कलम ११, गुन्हा आहे. मी कोणाले पोलिसात जा म्हणत नाही, बापलेकात पोलीस नको. फक्त माहीत असू द्या.

घरी कुत्री नको म्हणायचं खरं कारण बहुतेक ठिकाणी पिल्लं असते. कुत्री गाभण राहिली की साधारण ६३ दिवसांत व्याते, पिल्लं झाली की अंगावर धावते, एखाद्या पोराले चावते, मग तिले उचलून नेते. नसबंदी करून घेतली तर यातलं अर्धं भांडण होतच नाही. तीन महिन्यांची झाली की रेबीजची पहिली लस, मग बूस्टर, मग दरवर्षी. अन् कोणतंही कुत्रं चावलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, तिखट-चुना काही भरायचं नाही, सरळ सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनचा पूर्ण कोर्स. रेबीजची लक्षणं सुरू झाली की माणूस वाचत नाही. भुरी भेटली तर आधी लस दे, एवढे दिवस बाहेरच्या कुत्र्यांत राहिली असन.

भुरीची नसबंदी झाली होती का?


धुऱ्यावरचा
मंगळवार, सकाळी ८.००

नाई. दोनदा व्याली. काकूच्या गोठ्यातच व्याली दोन्ही वेळेस.


दोन पोरांचा बाप
मंगळवार, सकाळी ९.१२

पोरा, काल मी जरा कडक बोललो. तुले तसे विचार येऊन रायले हे मले माहीत नव्हतं. मले बी दोन पोरं आहेत, मोठा तुह्याच वयाचा, पुण्याले कंपनीत. महिन्यातून एक फोन, "बरा आहे" म्हणून ठेवून देते. थो सातवीत असतानी मी त्याचा बोकड बकरी ईदच्या बाजारात विकला होता, त्यानं बाटलीनं दूध पाजून मोठा केलेला. पैसे त्याच्याच फीमध्ये गेले. मले वाटलं समजून घेतलं त्यानं. काल तुहं वाचल्यावर रात्री त्याले फोन लावला अन् विचारलं, तुले तो बोकड आठवते का. थो बराच वेळ काहीच बोलला नाई. मंग म्हणे, "बाबा, आज काहून विचारलं?" अर्धा तास बोललो आम्ही. एवढा वेळ आम्ही कधी बोललो नव्हतो.

माहं सांगणं एवढंच, तू आधी बोल. बापाले आधी बोलता येत नाई.


तुराटी
मंगळवार, सकाळी ९.३०

काका 🙏


लेक वऱ्हाडची
मंगळवार, दुपारी १२.२०

खरं लिहिलंस, बरं केलंस. किल्ली आईकडे गेली का ते कळव.

काका, तुमच्या मनातलं समजलं, पण "तू आधी बोल" हे ओझं आज तरी त्या पोरावर नको. तो सतरा दिवस झोपलेला नाही. बापाशी बोलणं होईल तेव्हा होईल. त्याच्या आधी त्यानं बहिणीजवळ बसावं, तिथं त्याला काही जिंकायचं-हरायचं नाही.


धुऱ्यावरचा
बुधवार, रात्री १०.५५

किल्ली आईकडं दिली. तिनं काहीच विचारलं नाई, पदराले बांधली.

काल रात्री १४४१६ ले फोन लावला. तिकडून एक बाई बोलल्या, आपल्याच बाजूच्या वाटल्या बोलण्यावरून. मी आधी पाच मिनिटं नुसता भरतीबद्दलच बोलत होतो, भुरीचं नाव काढाले लाज वाटत होती. त्यायनीच विचारलं, "झोप कधीपासून नाही?" मंग सगळं सांगितलं. त्या हसल्या नाई. यवतमाळच्या ओपीडीचं सांगितलं, सोमवारी जातो.

आज बहिणीजवळ बसलो. थे भुरीच्या पट्ट्यासंगं झोपते. बाबांनी नेतानी पट्टा काढून ठेवला होता, तो तिनं उशीखाली ठेवला. मी वावरात गेलो की थे मागच्या दारानं भिंतीजवळ जाऊन बसायची, अन् तिकडून काकू बसायची, अन् दोघी काहीच बोलायच्या नाई, नुसत्या बसायच्या. आईले माहीत होतं, मलेच नव्हतं. "तू भुरीले घेऊन जायचा, मंग मी एकटीच रायची," असं म्हणाली. याच्यावर मले काही बोलता आलं नाई.

बाबांनी आईले जागा सांगितली होती, आईनं तिले. दारव्ह्याच्या पुढं, शकुंतला रेल्वेच्या जुन्या रुळाजवळ, जिथं फाटक होतं तिथं. गाडी तर कधीची बंद आहे, रुळावर बाभळी उगवल्या.

सकाळी मोटरसायकल काढली तर चुलतभाऊ भिंतीजवळ उभा. त्याले बहिणीनंच सांगितलं असन. म्हणे, "मी येऊ का?" मी नुसती मान हलवली. दीड वर्षानंतर थो माह्यामागं गाडीवर बसला. रस्ताभर बोललो नाई, पण एका ठिकाणी गतिरोधक मले दिसला नाई तर त्यानं खांदा दाबला.

फाटकाजवळ एक टपरी आहे. टपरीवाल्या काकाले फोटो दाखवला. त्यायनी लगेच ओळखली, कानाच्या खाचेवरून. म्हणे चार-पाच दिवस इथंच रुळावर बसून होती, पाव टाकला तर खायची नाई, अन् नेरकडून येणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलमागं धावायची, थोड्या अंतरावर जाऊन वापस यायची. मंग एक दिवस दिसली नाई. चुलतभाऊ तिथंच रुळावर खाली बसला अन् रडला. मी नाई रडलो, मले वाटे मी रडन.

आम्ही दारव्ह्याचं स्टँड, मटणाची दुकानं, बाजाराची जागा, सगळं पाहलं. नाई भेटली. अंधार पडला तवा वापस आलो.

रात्री जेवतानी बाबांनी विचारलं, "भेटली का?" वीस दिवसांत पहिला शब्द. मी म्हटलं नाई. बहीण म्हणाली, "चार दिवस मोटरसायकली मागं धावत होती म्हणे." बाबांच्या हातातला घास ताटातच रायला. बराच वेळ झाला. मंग म्हणाले, "कारंज्याच्या अंगानं पाहलं का तुमी? मी सोडली तवा थे त्या बाजूनं पळाली होती."


ढोरदवाखाना
बुधवार, रात्री ११.१०

कारंज्याकडे जातानी रुळाच्या बाजूबाजूनं जा, रोडनं नको. कुत्रं रुळाचा मोकळा पट्टा धरून चालते.


काळ्या मातीतला
बुधवार, रात्री ११.२५

माहा साळा कारंज्याले आहे, बाजारात दुकान आहे त्याचं. फोटो टाक, उजव्या कानाचा जवळून. सकाळी त्याले उठवून दाखवतो. मी बी निघतो पहिल्या एसटीनं.


धुऱ्यावरचा
बुधवार, रात्री ११.४०

टाकला फोटो. आम्ही पाचले निघून रायलो. एका गाडीवर मी अन् चुलतभाऊ, दुसरीवर बाबा. बहीण म्हणे मी बी येते, तर बाबा म्हणाले बस मागं. पट्टा तिच्याजवळच आहे.